अभयारण्यातल्या नाल्यांचं टेंडर भरताय? या चुका टाळा

नागपुरात नालेसफाई केलेला ठेकेदार उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा बोर अभयारण्यातल्या रस्त्याकडेच्या नाल्यांचं टेंडर बघतो आणि म्हणतो, माती तीच, जेसीबी तोच, मग दरही तोच. मीही तसाच भरला होता. नफा सोडा, डिझेलचे पैसे निघाले नाहीत.

माती तीच असली तरी दिवस तेवढा मिळत नाही. मे महिन्यात शहरात आपण पहाटे पाचला मजूर लावतो आणि अकराला सावलीत बसवतो. इथं उजाडल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर. मशीनचं भाडं आठ तासांचं, पण मी हिशेबात काम पाचच तासांचं धरतो.

'साहेब, जरा खोल करून देतो' हा शहरातला मोठेपणा इथं अंगाशी येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 29 प्रमाणे अभयारण्यात येणारं किंवा बाहेर जाणारं पाणी वळवणं, अडवणं, इतकंच काय वाढवणंही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय चालत नाही. नाली खोल गेली की शेजारची ओल उतरते आणि हिवाळ्यापर्यंत टिकणारं गवत आधीच वाळतं. म्हणून नकाशात जेवढा छेद दाखवलाय तेवढाच खणा, आणि मशीन आत नेण्याआधी परवानगीची प्रत मागून घ्या.

नालीत बेशरम माजलेली असते. तणनाशक मारायचा मोह होतो, पण कलम 32 घातक रसायनांना मनाई करतं. ती मुळासकट उपटा आणि तोडलेल्या फांद्या ओल्या काठावर टाकू नका, तिथंच पुन्हा रुजतात. नाव उगाच पडलेलं नाही.

रस्त्याखालची मोरी साफ करताना आधी वनरक्षकाला पुढं करा. उन्हाळ्यात गारव्याला वाघही मोरीत बसतो.

आता माझं नुकसान जिथं झालं ते. गाळाचं बिल घनमीटरवर निघतं, आणि काढलेला गाळ कुणाला दाखवता येत नाही; दाखवायची ती आधीची आणि नंतरची पातळी. मी आधीची पातळी न घेताच मशीन लावलं. काम मेअखेर झालं, मोजणीची तारीख पुढं पुढं गेली आणि पावसानं गाठलं. गाळ मी काठावरच टाकला होता. काळी माती ती, पहिल्याच सरीत परत नालीत. 1 मीटर रुंद, 1,000 मीटर लांब नालीत 15 सेंटिमीटर माती परतली तरी 150 घनमीटर गेलेच. मोजमाप पुस्तिकेत जे दिसलं तेच चढलं, आणि त्यात चूक कोणाचीच नव्हती, माझी सोडून.

तेव्हापासून मशीन लावण्याआधी दर 30 मीटरवर खात्याच्या माणसासोबत संयुक्त मोजणी करून त्याची सही घेतो. काम पूर्ण व्हायची वाट न बघता तुकड्यातुकड्यानं मोजून घेतो. दर भरण्याआधी कामाच्या यादीत गाळ वाहून नेण्याचा 'लीड', म्हणजे वाहतुकीचं अंतर, धरलाय का, तेही बघतो. नसेल तर बोलीपूर्व बैठकीत लेखी विचारायचं. नंतर भांडून काही मिळत नाही.

ई-टेंडरच्या पोर्टलवरच्या चुका नेहमीच्याच. दरपत्रकाच्या फाइलचं नाव बदलू नका, अपलोड होत नाही. तांत्रिक लिफाफ्यात दर दिसला की बोली बाद. शुद्धिपत्रक शेवटच्या दिवशीही उघडून बघा. डिजिटल सहीची मुदत संपलेली असते ती नेमकी त्याच दिवशी कळते.

10 लाखांचं बिल हाती 10 लाख येत नाही. वैयक्तिक ठेकेदाराचा आयकर 1 टक्का, कंत्राट अडीच लाखांवर असेल तर जीएसटीची कपात 2 टक्के, कामगार कल्याण उपकर 1 टक्का, वर सुरक्षा ठेव. अंदाजपत्रकापेक्षा फार खाली गेलात तर अतिरिक्त ठेवीची अटही वाचा.

बिल अडकलंच तर 'वर गेलंय' या उत्तरावर परत फिरू नका. कोणत्या टेबलावर, कोणत्या त्रुटीसाठी, हे लेखी मागा. बहुतेक वेळा एखादी सही किंवा मोजणीची तारीख राहिलेली असते, आणि 31 मार्चच्या आत ती भरून घेतली नाही तर पुढच्या अनुदानाची वाट बघत बसावं लागतं.