सभ्यता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा कशी घ्यावी

अंधेरीच्या ऑफिसात माझं काम मराठी चॅटबॉट तपासायचं. समोरच्याचं वाक्य सभ्य की उद्धट, हे ओळखणारा एक भाग त्यात असतो. पहिल्या आठवड्यात मी त्याला शिव्या घालून पाहिल्या. सगळ्या पकडल्या. तुम्ही त्यात वेळ घालवू नका, शिव्यांची यादी कुणीही भरून ठेवतं.

कामाची वाक्यं मला डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात मिळाली. सीटवर पर्स ठेवून बसलेल्या एकीला दुसरी म्हणाली, "मॅडम, आपली पर्स दमली असेल, तिला जरा मांडीवर घ्याल का, प्लीज?" अख्खा डबा हसला. घाटकोपरला तीच बाई एका गरोदर मुलीवर ओरडली, "ए पोरी, दारात काय उभी राहिलीस? ये, बस इथं!" दोन्ही वाक्यं मशीनला दिली. पर्सवालं 'अतिशय सभ्य', पोरीवालं 'उद्धट'.

अशा उलट्या जोड्या आधी जमवा. मग एक साधं वाक्य घेऊन दर वेळी त्यात एकच गोष्ट बदला: फाइल पाठव, पाठवा, पाठवा ना, पाठवता का जरा, कृपया पाठवा. 'कृपया' दिसलं की मशीन खूश. पण 'कृपया' पाटीवर असतं, तोंडात नाही. आपला मऊपणा 'ना', 'हं', 'जरा'मध्ये. त्यातही 'जरा बाहेर ये, दाखवतो' हे घालून बघाच.

'आपण'वर एक अख्खा दिवस द्या. 'आपण बसावं' म्हणजे आदर, 'आपण बसू' म्हणजे दोघंही, आणि आमच्या गल्लीतला पोरगा म्हणतो, 'आपण नाय घाबरत कुणाला', तेव्हा तो फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. नुसते शब्द मोजणारं मशीन तिन्हीकडे 'आपण'ला सारखेच गुण देईल.

या विषयावरचं पायाभूत काम इंग्रजीत झालंय. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विकिपीडिया आणि स्टॅक एक्स्चेंजवरच्या विनंत्या माणसांकडून तपासून घेतल्या. वाक्याच्या सुरुवातीचा 'प्लीज' मधल्या 'प्लीज'पेक्षा कमी सभ्य वाटतो, 'कॅन यू'पेक्षा 'कुड यू' बरा, असं त्यात निघालं. मराठीत ते काम क्रियापदाचं शेपूट करतं, शिवाय आईला आणि विठोबाला आपण 'तू'च म्हणतो. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे कोण कुणाला म्हणतंय ते लिहा. 'तू जेवलीस का?' आईला आणि मॅनेजरबाईंना, असं दोनदा द्या. निकाल बदलला नाही, तर मशीन नातं बघतच नाहीये.

तीच वाक्यं इंग्रजी अक्षरांतही टाइप करा, व्हॉट्सअॅपवर बरीच मराठी तशीच येते.

मशीनचा निकाल बघण्याआधी पाच माणसांकडून गुण घ्या. माझ्या पाचांत सासूबाई आहेत आणि कॉलेजातला भाचा आहे. 'जेवल्याशिवाय जायचं नाही' याला सासूबाईंनी पैकीच्या पैकी दिले. भाचा म्हणाला, "ही तर दमदाटी आहे." अशी वाक्यं वेगळ्या रकान्यात ठेवा, त्यांच्यावरून मशीनला नापास करू नका.