आधी हाउसिंग, मग कॅमेरा: पाण्याखालच्या फोटोंसाठी जोडी कशी निवडावी

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकचं एक हाउसिंग आहे, म्हणजे कॅमेरा आत ठेवून पाण्यात न्यायचा बंद डबा. सध्या त्यात मुलीचे रंगीत खडू असतात. हाउसिंगला काही झालेलं नाही. कडी खटकन लागते, बटणं अजून टकटक दाबली जातात. त्यातला कॅमेरा मात्र अंदमानात पाणी पिऊन मेला, आणि तोवर ते मॉडेल बाजारातून उठलं होतं. पुढचं मॉडेल दोन-अडीच मिलिमीटर जाड निघालं. पाहायला गेलं तर भाकरीच्या जाडीइतकाही फरक नाही, पण कॅमेरा काही आत बसेना.

तेव्हापासून कुणी विचारलं, "पाण्याखाली फोटो काढायला कुठला कॅमेरा घेऊ?" की मी आधी उलट विचारतो, "बुडणार किती?" (प्रश्न खिशालाही लागू आहे.) खोली कळली की हाउसिंग ठरतं, आणि हाउसिंग ठरलं की कॅमेऱ्याची दोन-तीनच नावं उरतात. बहुतेक जण आधी सेलमध्ये कॅमेरा घेतात आणि मग त्याच्या मापाचा डबा शोधत बसतात. तो मिळेलच असं नाही. मोबाइलने छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा बुडवला, त्यामुळे मॉडेलं कमी निघतात आणि हाउसिंग बनवणारे त्यातली मोजकीच उचलतात.

पायरी १: खोली ठरवा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना नेतात ते पाणी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आतलं. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून खाली नेतो. त्या पहिल्या बुडीला कॅमेरा नेऊच नका, नाकाने श्वास घ्यायचा नाही एवढं लक्षात ठेवतानाच पुरेवाट होते. रीतसर कोर्स केला की पहिल्या पातळीला १८ मीटर, त्यानंतरच्या पातळीला ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटरवर.

दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे ३० मीटरवर हाउसिंगच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वरच्यापेक्षा सुमारे तीन किलो जास्त भार. स्वस्त हाउसिंगची बटणं या भाराने आपोआप आत दबतात आणि कॅमेरा मेन्यूत जाऊन बसतो, काही केल्या बाहेर येत नाही. तेव्हा हाउसिंगवरचा आकडा तुमच्या मर्यादेपेक्षा चांगला वर हवा. पॉलिकार्बोनेटची (कडक प्लॅस्टिकची) हाउसिंग साधारण ४० ते ६० मीटरची असतात, अ‍ॅल्युमिनियमची १०० मीटरपर्यंतही.

ओएम सिस्टिमचा टीजी-७ किंवा त्याचा थोरला भाऊ ऑलिंपस टीजी-६ हाउसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत चालतो. स्नॉर्केलिंगपुरतं जायचं असेल तर तेवढ्यावर भागेल. पण तो आकडा झाकणाच्या नव्या, स्वच्छ रबराचा असतो. दोन वर्षं बॅटरीचं झाकण उघडून-मिटून झाल्यावर नुसता कॅमेरा घेऊन मी दहाच्या खाली जात नाही. याच दोघांना पीटी-०५९ हे ४५ मीटरचं हाउसिंग बसतं. इथे एक फायदा मिळतो: हाउसिंग गळलंच, तरी आतला कॅमेरा स्वतःच पाण्याला तोंड देणारा असतो. तेव्हा मला हे कळलं असतं तर मुलीच्या खडूंसाठी वेगळा डबा आणावा लागला असता.

पायरी २: पाणी कसं आहे ते पाहून विषय निवडा

कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात बरं असतं, पावसाळ्यात तर डायव्हिंग बंदच. बऱ्या दिवसांतही ते हिरवट असतं आणि त्यात कण तरंगत असतात. दहा फुटांवरचा मासा फोटोत राखाडी ठिपका होतो. म्हणून अशा पाण्यात जवळचं टिपावं: खडकाला चिकटलेली रंगीत समुद्री गोगलगाय, शिंपल्यातून डोकावणारा खेकडा, पोपट माशाची चोच. टीजीचं भिंग एक सेंटिमीटरवरची वस्तू टिपतं, आणि नखाएवढी गोगलगाय चौकट भरून टाकते. या कामात त्याच्या तोडीचा साधा कॅमेरा मला माहीत नाही. उणीव सांगायची तर शटरचा वेग हाताने ठरवता येत नाही, आणि सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) बारीक असल्याने अंधारात चित्र खरखरीत होतं.

अंदमान किंवा लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात गणित बदलतं. तिथे प्रवाळाची अख्खी भिंत आणि तिच्यापुढे तरंगणारा जोडीदार असा रुंद फोटो निघतो. त्यासाठी एक इंची सेन्सरचे कॅमेरे बघा: सोनीची आरएक्स१०० मालिका किंवा कॅननचा जी७ एक्स मार्क २. यांच्या सेन्सरचं क्षेत्रफळ टीजीच्या जवळपास चौपट असतं.

सोनी घेताना मात्र जपून. २०१२ पासून या मालिकेची सात भावंडं आली आणि त्यांची जाडी सारखी नाही. पहिला जेमतेम ३६ मिलिमीटर, सहावा ४३ च्या आसपास. "आरएक्स१०० चं हाउसिंग" असं काही नसतं, कितव्याचं ते विचारा. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत २४ ते ७० मिलिमीटरचं आखूड भिंग आहे (आकडा जितका लहान, तितकी चौकट रुंद). सहाव्या-सातव्याला २४ ते २०० चा लांबलचक झूम. दुकानदार झूमचंच कौतुक सांगेल. पण पाण्याखाली झूमचा उपयोग नसल्यात जमा, कारण माशात आणि तुमच्यात जितकं पाणी जास्त तितका फोटो मळकट. शिवाय लांब भिंगाला लांब पोर्ट (हाउसिंगचा भिंगापुढचा काचेचा भाग) लागतो आणि त्यावर वाइड लेन्स (दृश्य रुंद करणारी जोडलेन्स) चढवली की कोपरे काळे पडतात. माझ्या मते जुना, वापरलेला पाचवा हा नव्या सातव्यापेक्षा शहाणपणाचा सौदा. कधी बुडाला तर दुसराही वापरलेलाच मिळतो आणि हाउसिंग कामी येत राहतं.

कुठलाही घ्या, पण रॉ फाइल (नंतर संगणकावर रंग सुधारता येतील अशी कच्ची फाइल) देणारा घ्या. आणि दुकानात उभं राहूनच व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवायची सोय) हाताने लावून बघा. किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. पाचहून जास्त लागत असतील तर खाली गेल्यावर तुम्ही ते करणार नाही, मीही करत नाही.

पायरी ३: हाउसिंग हातात घेऊन बघा

अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग आटोपशीर, दणकट, आणि किमतीने कधी कधी आतल्या कॅमेऱ्याच्याही वर. ते कॅमेऱ्याची उष्णता पाण्यात सोडून देतं, म्हणून आत धुकं कमी धरतं. पॉलिकार्बोनेटचं ढोबळ आणि स्वस्त, पण बहुधा पारदर्शक, त्यामुळे आत शिरलेला पहिला थेंब दिसतो. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मी पॉलिकार्बोनेटच सुचवतो.

कॅमेरा आत ठेवून प्रत्येक बटण दाबा, चाकं फिरवा. काही हाउसिंगमध्ये एखादं बटण पोहोचतच नाही. ते नेमकं व्हाइट बॅलन्सचं असेल तर सौदा सोडा. सोनीसारखा उघडणारा फ्लॅश असेल तर तो वर करून हाउसिंग बंद होतं का ते बघा. बऱ्याच हाउसिंगमध्ये तो बंद करण्याआधीच उघडावा लागतो आणि आठवण होते तेव्हा तुम्ही १५ मीटर खाली असता.

पुढची काच सपाट असते. पाण्यातून काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं आणि २४ मिलिमीटरचं भिंग ३२ सारखं वागतं. म्हणजे ज्या रुंदीसाठी पैसे मोजले तीच पाणी खाऊन टाकतं. ती परत मिळवायला पोर्टवर बाहेरून वाइड लेन्स लावतात. ही लेन्स पाण्यातच चढवता-उतरवता येते, तीच गत अगदी जवळचं टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सची. म्हणून पोर्टला आटे आहेत का ते विचारा. ६७ मिलिमीटरचे आटे सर्वांत जास्त चालतात. आट्यांविना घेतलेलं हाउसिंग पुढच्याच वर्षी अपुरं वाटू लागतं.

आणि सुटी ओ-रिंग (झाकणातून पाणी आत येऊ न देणारी रबरी रिंग) मिळते का? "बघू, मागवून देऊ" असं उत्तर आलं तर दोन रिंगा आजच मागवा आणि त्यांच्यासोबतच हाउसिंग न्या.

पायरी ४: उजेडाचे पैसे बाजूला ठेवा

पाणी आधी लाल रंग गिळतं. पाच मीटरवर लाल फिका पडतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. बोट कापलं तर २० मीटरवर रक्त हिरवट-काळं दिसतं. हरवलेला रंग संगणकावर थोडाफार ओढून आणता येतो, पण जो सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही तो कुठून आणणार? म्हणून बजेटचा निदान चौथा हिस्सा स्ट्रोबसाठी (हाउसिंगबाहेर लावायच्या वेगळ्या फ्लॅशसाठी) किंवा चांगल्या व्हिडिओ टॉर्चसाठी राखा. माझं मत स्ट्रोबकडे झुकतं, त्याचा झटका टॉर्चच्या कितीतरी पट प्रखर असतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक फायबरच्या दोरीतून स्ट्रोबला जाते आणि तो पेटतो, म्हणून हाउसिंगवर ती दोरी खोचायची जागा असावी लागते.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मात्र एकटा वापरू नका. आंबोली घाटात धुक्यात हेडलाइट मोठे केले की काय होतं? रस्ता दिसायचा तोही दिसेनासा होतो, समोर नुसती पांढरी भिंत. मालवणच्या पाण्यात भिंगाशेजारचा फ्लॅश हेच करतो: प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर हिमवर्षाव झाल्यासारखं दिसतं. स्ट्रोब लांब हातावर बाजूला ठेवून थोडा बाहेरच्या दिशेने वळवला की मधलं पाणी अंधारात राहतं आणि मासा तेवढा उजळतो.

पायरी ५: ओ-रिंग, आणि बादली

ओ-रिंग म्हणजे कुकरची रिंग. फरक एवढाच की इथे दाब बाहेरून आत असतो. खोल गेल्यावर तो झाकण अधिकच आवळतो, त्यामुळे गळती बहुधा पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कळते.

माझी कळली ती अशी. दोन बुड्यांच्या मध्ये, हलत्या होडीत, टॉवेलने हात पुसून मी कार्ड बदललं. तीन मीटरवर पोर्टच्या आत एक थेंब घरंगळताना दिसला. मग बुडाशी चहाच्या चमच्याएवढं पाणी. वर येऊन उघडलं तर रिंगेवर टॉवेलचा एक पांढरा दोरा आडवा पडलेला, पापणीच्या केसाएवढा. असं झालं तर पोर्ट खाली धरा, म्हणजे पाणी त्यात साचेल, आणि ठरल्या वेगानेच वर या. कॅमेऱ्यासाठी वर धावून फुप्फुसाला इजा करून घेऊ नका, कॅमेरा विकत मिळतो.

रिंग काढायला सुई-पिन नको. बोटांनी दाबून फुगवटा आणा आणि उचला, नाहीतर जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा कोपरा वापरा. ती बोटांच्या चिमटीतून सावकाश फिरवा. कण डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. खाच कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. मग हाउसिंगसोबत आलेलं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं घेऊन रिंगेला नुसती चमक येईल इतकंच लावा. पाणी ग्रीस अडवत नाही, रबर अडवतं. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. हे सगळं आदल्या रात्री खोलीत, एसी लावून करा, शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवून. कोकणातली दमट हवा आत कोंडली की गार पाण्यात पोर्ट आतून धुरकटतो आणि सबंध बुडी वाया जाते.

नव्या हाउसिंगची पहिली चाचणी घरच्या बादलीत, कॅमेऱ्याशिवाय. आत टिशू पेपर घडी करून ठेवा, झाकण लावा आणि पाण्यात दाबून धरा. हवेने ते वर उसळेल, म्हणून वर भरलेला तांब्या ठेवा. अर्ध्या तासात सगळी बटणं वीस-वीस वेळा दाबा. बाहेर काढल्यावर आधी बाहेरून कोरडं पुसा, मगच उघडा, नाहीतर कडेचा थेंब आत पडून उगाच घाबराल.

टिशू कोरडा निघाला तरी तीच चाचणी समुद्रात एकदा करायची. पहिल्या बुडीला हाउसिंग रिकामंच न्या, आत टिशू आणि एखादं शिशाचं वजन, मनगटाला दोरी. होडीवर एखादा हसेलही. वर आल्यावर टिशू गालाला लावून बघा. कोरडा लागला तर दुसऱ्या बुडीला कॅमेरा आत.