पाय थकले की मन? उतारवयातला फुटबॉलपटू, टीका आणि नैराश्य

तेहतिशी ओलांडलेला फुटबॉलपटू दोन-तीन सामने संथ खेळला की गॅलरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत एकच निदान होतं : वय झालं. नैराश्य नेमकं याच निदानाआड लपतं. पहाटे चारला जाग येणं, सरावाला अंग ओढत जाणं, चेंडूपर्यंत अर्धा सेकंद उशिरा पोचणं, बरी झालेली दुखापत दुखतच राहणं. ही लक्षणं वयाची असू शकतात तशी नैराश्याचीही. फिजिओ, ट्रेनर किंवा क्रीडा-मानसशास्त्रज्ञ म्हणून संघात नव्यानं येणाऱ्यानं आधी ही गुंतागुंत सोडवायला शिकावं. प्रेरणादायी भाषणं नंतर.

सुरुवात मोजमापानं करा. खेळाडूच्या जॅकेटमधलं जीपीएस एकूण अंतर, ताशी १९.८ किलोमीटरच्या वरचं धावणं आणि २५.२ च्या वरच्या स्प्रिंट नोंदवतं. हे आकडे संघातल्या बावीस वर्षांच्या विंगरशी ताडून काहीच कळत नाही. त्याच खेळाडूच्या मागच्या दोन मोसमांशी ताडा. वयाची घट हंगामागणिक, हळूहळू दिसते आणि एकूण अंतरापेक्षा वेगवान धावांमध्ये जास्त दिसते. काही आठवड्यांतच आलेख कोसळला असेल, सरावातल्या वेगाच्या चाचणीत पाय शाबूत असतील आणि सामन्यात मात्र तो धाव घ्यायलाच निघत नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. एवढ्यावर निदान मात्र होत नाही.

त्याच आठवड्यात रक्त तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच उदास, थकलेला दिसतो आणि त्याचा उपचार निराळा असतो. गेल्या काही आठवड्यांत डोक्याला मार लागला होता का, हे आवर्जून विचारा. हेडिंग करताना झालेली टक्कर कुणाच्या लक्षातही राहत नाही, पण चिडचिड आणि झोपमोड तिथून सुरू झालेली असू शकते. मग गोळ्यांची पिशवी बघा. जुन्या गुडघ्यांचे खेळाडू वेदनाशामकांवर जगतात. त्यातलं ट्रॅमाडॉल डोपिंगच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२४ पासून सामन्याच्या काळात प्रतिबंधित आहे. झोपेच्या गोळ्या आणि रात्रीची दारू यांचा हिशेबही इथेच विचारायचा, पोलिसी आवाजात नाही.

यानंतर प्रश्नावली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं तयार केलेलं एसएमएचएटी-१ हे मानसिक आरोग्य तपासण्याचं साधन सोळा वर्षांवरच्या खेळाडूंसाठी आहे. पहिल्या टप्प्यात दहा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १७ किंवा जास्त आली की पुढच्या टप्प्यात जायचं. त्या टप्प्यात नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आहे : नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी नीट तपासायला हवं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. हे सगळं फसतं ते एका साध्या कारणानं. फॉर्म ड्रेसिंग रूममध्ये वाटले जातात, गोळा करतो सहायक कोच, आणि शनिवारी संघ निवडणारही तोच. मग ज्येष्ठ खेळाडू सगळीकडे 'छान' वर खूण करून मोकळा होतो. फॉर्म डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून भरला जावा आणि तिथेच राहावा.

इटलीतल्या अटलांटा क्लबचा स्लोव्हेनियन फुटबॉलपटू योसिप इलिचिच याचं उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवण्याजोगं आहे. १० मार्च २०२० रोजी व्हॅलेन्सियाच्या रिकाम्या मैदानावर अटलांटाच्या ४-३ विजयातले चारही गोल त्याचे. वय ३२. त्यानंतर फुटबॉल थांबलं आणि अटलांटाचं बेर्गामो शहर कोविडच्या पहिल्या लाटेत होरपळलं. ऑगस्टमध्ये लिस्बनला पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी लढत झाली, तेव्हा तो संघासोबत नव्हता, स्लोव्हेनियात घरी होता. शरद ऋतूत तो परतला, गोलही केले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बाजूला व्हावं लागलं. एकदा परतला म्हणजे बरा झाला, असं धरून चालणारे क्लब इथेच चुकतात. नैराश्य पुन्हा उलटू शकतं, म्हणून बरं वाटू लागल्यावरही उपचार काही महिने सुरू ठेवतात. खेळाडूला गोल मिळू लागले की भेटी चुकवणारा पहिला माणूस बहुधा खेळाडू नसतो, त्याचं वेळापत्रक आखणारा असतो.

आता टीका. तरुण खेळाडूवरची टीका बरेचदा अन्यायाची असते, त्यामुळे 'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला तिथे थोडाफार चालतो. ज्येष्ठाचं तसं नाही. 'पाय गेले' या ओरडण्यात थोडं तथ्य असतं आणि ते त्याला सगळ्यांआधी कळलेलं असतं. म्हणून 'तू अजून पंचविशीतलाच दिसतोस' अशी खोटी समजूत घालू नका. तो तुमच्यावरचा विश्वासच गमावेल. इथे कामी येते ती वस्तुस्थिती आणि निवाडा यांची फारकत. 'मागच्या मोसमापेक्षा सामन्यामागे तीन स्प्रिंट कमी' ही वस्तुस्थिती, तिच्यावर इलाज आहे : जागा बदला, मिनिटं कमी करा, प्रेसिंगचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर धावून जाऊन दबाव टाकण्याचं, काम दुसऱ्याकडे द्या. 'तू संघावर भार आहेस' हा निवाडा, त्यावर सरावानं इलाज होत नाही. वहीचं पान मधोमध दुमडून डाव्या बाजूला पहिलं आणि उजव्या बाजूला दुसरं लिहायला लावा. उजवी बाजू भरत जाते तेव्हा समुपदेशकाला काम कुठे करायचं ते दिसतं.

फोनबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक नुकसान तिथून होतं. सामना संपल्यावर बसमध्ये फोन उघडायचा नाही, हा नियम एकट्या ज्येष्ठाला लावला की शिक्षा वाटते. सगळ्या संघाला लावा. त्याच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे द्या, टॅग आणि अनोळखी संदेश बंद करा. इन्स्टाग्रामवर नको असलेले शब्द गाळण्याची सोय आहे, पण तिच्यात शिव्या आपणच भरायच्या. रोमन लिपीत लिहिलेली मराठी किंवा कोंकणी शिवी यंत्राला आपसूक कळेल या भरवशावर राहू नका. कोल्हापूरच्या पेठांमधल्या किंवा गोव्यातल्या खेळाडूला तर स्क्रीन बंद करूनही सुटका नसते, चहाच्या टपरीवर सामन्याचं शवविच्छेदन सुरूच असतं. तिथे घरच्यांना सांगून ठेवावं : कोण काय म्हणालं याचा अहवाल जेवणाच्या ताटावर नको.

उपचाराबाबत खेळाडूचा पहिला प्रश्न डोपिंगचा असतो. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या प्रतिबंधित नाहीत. तरीही प्रत्येक औषध त्या वर्षीच्या वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीशी ताडून पाहायचं. परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं, झोप विस्कटणं होऊ शकतं. हे आधी सांगितलं नाही तर खेळाडू पाचव्या दिवशी गोळ्या टाकून देतो. शक्य असेल तर सलग सामन्यांच्या आठवड्यात नवं औषध सुरू करू नये, पण गंभीर अवस्थेत वेळापत्रकासाठी थांबूही नये. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम तोडणं ही दुसरी नेहमीची चूक. ती डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायची. सोबत बोलण्याचे उपचार : आठवड्याला एक बैठक धरून बारा ते वीस बैठका, बाहेरगावच्या सामन्यांमुळे ऑनलाइनची सोय ठेवून.

लपवण्याची किंमत मोठी असते. मँचेस्टर युनायटेडचा मायकेल कॅरिक २००९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातल्या पराभवानंतर सुमारे दोन वर्षं नैराश्यात होता. लोकांना ते कळलं २०१८ मध्ये, निवृत्तीनंतर. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के यानं आजार जगापासून लपवला आणि १० नोव्हेंबर २००९ रोजी, ३२ व्या वर्षी, आत्महत्येनं त्याचा मृत्यू झाला. खेळाडू निरवानिरवीची भाषा करू लागला, वस्तू वाटून टाकू लागला किंवा मरणाबद्दल बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तातडीच्या धोक्यात ११२.

मात्र सांगायचं म्हणजे पत्रकार परिषदच घ्यायची असं नाही. क्लबचे डॉक्टर, घरचं एक माणूस, संघातला एक मित्र आणि गरज पडली तर मुख्य कोच, एवढी साखळी पुरते. कोचला निदान सांगायची गरज नसते, 'तीन आठवडे वैद्यकीय रजा' एवढं बस्स. उघडपणे बोलणाऱ्यालाही फटके बसतात. जर्मनीचा २०१४ चा विश्वविजेता पेअर मेर्टेसाकर यानं मार्च २०१८ मध्ये सामन्याआधीच्या मळमळीबद्दल, असह्य दडपणाबद्दल सांगितलं, तेव्हा जर्मनीचा माजी कर्णधार लोथार माथेउसनं जाहीर विचारलं की असा माणूस तरुण खेळाडूंना काय घडवणार.

क्लबशी बिनसण्याआधी, आजच, खेळाडूचा करार वाचून ठेवा. फिफाच्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूनं लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, त्यानंतर करार मोडता येतो. करार मोडायला भाग पाडण्यासाठी छळ करणं, उदाहरणार्थ संघापासून तोडून एकट्याला सराव करायला लावणं, यावरही दाद मागता येते. तारखांची नोंद ठेवलेली असावी. भारतातल्या खेळाडूनं विमा पॉलिसीही तपासावी : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही विमा देणं बंधनकारक केलं आहे आणि उपचारांच्या गोपनीयतेचा हक्कही दिला आहे.

परतीचा पहिला सामना घरच्या डर्बीत, म्हणजे शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, ठेवू नका. शेवटची पंधरा-वीस मिनिटं, निकाल जवळजवळ ठरलेला असताना, हे बरं. इलिचिच स्लोव्हेनियातल्या मारिबोर क्लबकडे परतला आणि ३६ व्या वर्षी २०२४ च्या युरो स्पर्धेसाठी स्लोव्हेनियाच्या संघात आला. पोर्तुगालविरुद्ध पेनल्टी शूटआउटमधली पहिली किक त्याचीच होती आणि ती अडवली गेली. अशा रात्रीसाठी आधीच ठरलेलं असावं : ड्रेसिंग रूमच्या दाराशी कोण उभा राहील, फोन कुणाकडे असेल, खोलीत सोबत कोण झोपेल, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन किती वाजता येईल.

निवृत्तीची तारीख ठरण्याआधी पुढचं काम ठरलं तर शेवटच्या मोसमाचं ओझं हलकं होतं. मेर्टेसाकर २०१७-१८ चा मोसम संपल्यावर आर्सेनलची अकादमी सांभाळणार, हे जुलै २०१७ मध्येच जाहीर झालं होतं. कोचिंगचा परवाना, भाषा, पदवी, दुकान, शेती, काहीही असो, तयारी खेळत असतानाच सुरू करावी : आठवड्यातली दोन दुपारची सत्रं, सरावानंतर, ठरलेल्या वारी.