कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होताय? या चुका टाळा

सकाळी आठला कॅज्युअल्टीतली, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातली, नाईट सुटली. साडेआठला सगळ्यांबरोबर मिसळ खाल्ली, वर दोन पाव जास्तीचे. मग गाडी काढली. नाशिकच्या गंगापूर रोडच्या सिग्नलवर मागून हॉर्नचा कल्ला झाला तेव्हा कळलं, की दिवा हिरवा होऊन बराच वेळ झालाय आणि मी डोळे उघडे ठेवून झोपलोय. ही माझीच गोष्ट आहे. तेव्हा मी नवा नव्हतो, आठ वर्षं कॅज्युअल्टी केलेला माणूस होतो.

म्हणून पहिली चूक हीच: नाईट संपली की लगेच गाडी चालवणं. १९९७ सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा त्याहून कमी, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. रात्री दोनला पोलीस ज्या ड्रायव्हरला घेऊन येतात, त्याचं रक्त काढून एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद आपणच भरतो. आणि सकाळी आपण त्याच्याइतक्याच कामाच्या मेंदूने घरी निघतो. फरक एवढाच की आपल्या तोंडाला वास येत नाही.

उपाय साधा आहे, पण तो आधीच ठरवून ठेवावा लागतो. थकलेल्या माणसाला ‘तू थकलायस का?’ असं विचारून उपयोग नसतो, तो नाहीच म्हणतो. ड्युटी रूममध्ये वीस मिनिटं आडवे व्हा, मग निघा. नाहीतर रिक्षा करा. पहाटे चारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पहाटेचा कटिंग दुपारच्या झोपेत आडवा येतो. घरी जाड पडदे लावा, फोन सायलेंट करा. ‘दिवसा घरीच असतोस ना’ म्हणून गॅस सिलिंडर घेण्याची जबाबदारी टाकणाऱ्यांना एकदा प्रेमाने समजावून सांगा. रोस्टरवाल्यांकडे सकाळ, संध्याकाळ, रात्र असा पुढे सरकणारा क्रम मागा. उलटा क्रम शरीराला जास्त छळतो.

दुसरी चूक हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या डॉक्टरला पेशंट सोपवण्याची. हिच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण थकवा पेशंटपर्यंत पोचतो तो इथूनच.

पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडून पहाटे पेशंट येतात. समजा एक बाई आली. जमिनीवर झोपलेली होती, पहाटे पोटात दुखायला लागलं, एक उलटी झाली. अंगावर चावल्याची खूण नाही. रात्रभर जागलेला डॉक्टर पोटदुखीचं इंजेक्शन देतो आणि आठ वाजता पुढच्याला सांगतो, ‘बेड चार, ॲसिडिटी, बरी आहे.’ पुढचा ताजातवाना असतो, पण त्याला तयार लेबल मिळालेलं असतं. साडेनऊला सिस्टर म्हणतात, ‘सर, त्या डोळेच उघडत नाहीयेत, झोप लागली वाटतं.’ ती झोप नसते. मण्यार सापाच्या विषाने पापण्या जड झालेल्या असतात, आणि पुढची पाळी श्वासाच्या स्नायूंची असते. मण्यारचा दंश बरेचदा दिसतही नाही, दुखतही नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होणारेही असतात. ती चाचणी घोणस-फुरशाचं विष पकडते, मण्यारचं नाही.

तेव्हा हँडओव्हर देताना निदानाआधी जे कळलं नाही ते सांगा. ‘पोटदुखी, कारण सापडलेलं नाही, जमिनीवर झोपली होती, पापण्यांवर लक्ष ठेवा.’ एवढी दोन वाक्यं पुरतात. बेडजवळ उभं राहून द्या, कॉम्प्युटरपुढे बसून नको. घेणाऱ्याने चार प्रश्न विचारले तर राग मानू नका. मी पूर्वी मानायचो.

पेशंटला वापरलेली सुई स्वतःला टोचली तर ‘नंतर बघू’ म्हणू नका. साबण-पाण्याने धुवा, बोट पिळू नका, लगेच नोंद करा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो.

मृत्यूची बातमी सिस्टर किंवा मामांकडून (वॉर्डबॉयकडून) कळवणं, ही आणखी एक. कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या ‘आम्ही प्रयत्न केले’ म्हणालात तर नातेवाईक ‘मग आता कसे आहेत?’ असंच विचारणार. त्यांना बसवा, पेशंटचं नाव घ्या आणि ‘वारले’ हा शब्द उच्चारा. स्वतः दाराच्या बाजूला बसा, जवळ कुणीतरी असू द्या. हल्ला झालाच तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण तक्रार संस्थेने द्यावी असा आग्रह धरा. एकट्या ज्युनिअरला पोलीस स्टेशनला पाठवून मोकळं होण्याची पद्धत मी पाहिली आहे.

आणि लहान मूल गेलं की लगेच पुढचा केसपेपर उचलू नका. बाहेर तीन दिवसांच्या खोकल्याचा पेशंट ‘किती वेळ लावता’ म्हणत असतो, ते खरं आहे. तरी टीमने पाच मिनिटं एकत्र थांबावं, वॉर्डातल्या मावशींनाही बोलवावं. झोप उडाली, चिडचिड घरापर्यंत गेली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी त्यावर फोन करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

कोर्स निवडतानाची चूक सर्वांत महाग पडते. इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला २००९ मध्ये मान्यता मिळाली, तिच्या बरोबरीची डीएनबीही आहे. दोन्हींचा रस्ता नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतून जातो. खासगी हॉस्पिटलांतले तीन वर्षांचे ‘एमईएम’ (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) कोर्स काम शिकवतात, पण राष्ट्रीय वैद्यक आयोग त्यांना पदव्युत्तर पदवी मानत नाही. फी भरल्यावर हे कळणारे दरवर्षी भेटतात. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, चौकशीला रिक्षाचं भाडं पुरतं! कामाच्या तासांचंही विचारून घ्या. रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता हॉस्पिटलात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठीच्या केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास होते. २०२४ च्या राष्ट्रीय टास्क फोर्सने ७४ पेक्षा जास्त नकोत असं सुचवलं. हा आकडा वाचून जे हसले, ते रेसिडेंट आहेत हे वेगळं सांगायला नको.

२०२७ च्या सिंहस्थात आपल्या सगळ्यांच्या रजा रद्द होणार, हे धरून चला. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले होते. ड्रिल होतील, खाटा वाढतील, औषधांचे साठे मोजले जातील. त्या रोस्टरमध्ये कुणी कधी झोपायचं याचाही एक रकाना आताच टाकून घ्या. पर्वणीच्या पहाटे तीनला तो कुणालाही सुचणार नाही.