यूव्ही क्युरिंगवर नवीन लागताय? पॉवर वाढवायच्या आधी हे बघा

कुपवाड एमआयडीसीत कार्टनच्या कामात आहे मी, बेदाण्याचे, हळदीचे बॉक्स आणि वरून यूव्ही वार्निश, म्हणजे यूव्ही (अतिनील) प्रकाश पडला की सुकून घट्ट होणारं, त्यालाच क्युरिंग म्हणतात. आयटीआय, डिप्लोमा करून जी पोरं यूव्ही युनिटवर नवीन लागतात त्यांच्यासाठी लिहितोय.

वार्निश चिकट राहिलं की सगळ्यांचा हात आधी पॉवरकडे जातो, नाहीतर कन्व्हेयर स्लो करतात. जॉब निघतो, पण लाइटबिल वाढतं, बोर्ड तापून वाकतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. यूव्ही देणाऱ्या मर्क्युरी (पाऱ्याच्या) लॅम्पला दिलेल्या विजेतली अर्ध्याहून जास्त उष्णतेत आणि दिसणाऱ्या उजेडात जाते, म्हणून जे थोडं यूव्ही तयार होतंय ते जॉबपर्यंत पोचतंय का हे आधी बघायचं.

पहिला रिफ्लेक्टर, म्हणजे लॅम्पमागचा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. लॅम्पचा बराचसा प्रकाश त्याच्यावरूनच खाली येतो. मेन बंद करा, युनिट गार होऊ द्या आणि उघडून बघा, वार्निशची वाफ आणि स्प्रे पावडर बसून ॲल्युमिनियम धुरकट झालेलं असतं. मऊ कापडावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन हलक्या हाताने पुसा, घासू नका, ओरखडा पडला की गेला तो. लॅम्पच्या क्वार्ट्झला (बाहेरच्या काचेसारख्या नळीला) उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून पांढरे डाग धरतात आणि ते परत निघत नाहीत.

मग मीटर. जुना लॅम्पसुद्धा निळा झगझगीत दिसतो पण आतलं यूव्ही पडलेलं असतं, डोळ्याला ते कळतच नाही. साधारण १००० तासांनंतर संशय घ्या. रेडिओमीटर (यूव्ही मोजायचं मीटर) बेल्टवरून सोडला की पीक (सगळ्यात जास्त तीव्रता) आणि डोस (एकूण पडलेलं यूव्ही) असे दोन आकडे मिळतात. स्पीड दुप्पट केला तर डोस निम्मा होतो, पीक तेवढाच राहतो, म्हणजे पीक पडला असेल तर लॅम्प, रिफ्लेक्टर, फोकस तपासायचं आणि नुसता डोस पडला असेल तर स्पीड. नवीन लॅम्प टाकाल त्या दिवशीचं रीडिंग पॅनेलवर चिकटवून ठेवा, फार कमी ठिकाणी हे करतात आणि मग तुलना कशाशी करणार?

एप्रिल-मेत शेड तापतं म्हणून ब्लोअर फुल ठेवतात, तेही बघून करा, लॅम्प जास्त गार पडला तर पाऱ्याची वाफ नीट होत नाही आणि यूव्ही घटतं. एक्झॉस्ट मात्र कधीच बंद नको, ओझोन तयार होतो.

एलईडीचा विषय निघाला तर मालकांना एवढं सांगा, त्याचा प्रकाश ३६५, ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटर अशा कुठल्यातरी एकाच अरुंद पट्ट्यात येतो, त्यामुळे मर्क्युरीवरचं वार्निश त्यावर सुकेलच असं नाही, आधी वार्निशवाल्याकडून सॅम्पल मागवून आपल्याच बोर्डवर ट्रायल घ्या.