जुना ट्रॅक्टर दारात आला, आता पहिले पंधरा दिवस

साखर कारखान्यांचा हंगाम मार्चच्या सुमारास उतरला की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. हंगामभर ऊस ओढलेला माणूस ट्रॅक्टर काढतो आणि पावसाआधी नांगरट उरकायची घाई असलेला घेतो. नारळ फुटतो, पेढे वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर रानात. आम्हीही तेच केले होते. तिसऱ्या दिवशी रेडिएटर उकळला, कारण बॉनेटच्या जाळीवर झेंडूचा हार तसाच होता आणि आत पाचटाचा गठ्ठा. हार आम्ही घातलेला, पाचट आधीच्या मालकाचे.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. विकणारा “परवाच सर्व्हिसिंग केलंय” म्हणाला, तर मान हलवावी; पण तेल आणि फिल्टर आपण स्वतः बदलू, त्या दिवसापासूनच ट्रॅक्टरचे वय मोजायला घ्यावे. आवर मीटर बंद असेल तर आधी ते सुरू करून घ्या. पुढची सगळी कामे तासांवर ठरतात.

पहिली पायरी: धुऊन घ्या आणि थंड असताना बघा

पाण्याचा फवारा मारून ट्रॅक्टर खालून-वरून स्वच्छ धुऊन घ्या. डायनॅमो, सेल्फ (स्टार्टर) आणि एअर क्लीनरच्या तोंडावर मात्र फवारा नको. धुतल्यानंतर दोन दिवस थोडा चालवा आणि मग गळती शोधा. मळ असताना सगळीकडेच ओलसर दिसते, त्यातून काही कळत नाही.

सकाळी इंजिन गार असताना डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, ओढा. तेल काळे असेल तर घाबरू नका, डिझेल इंजिनचे तेल लवकर काळे होते. पण ते चहासारखे दुधाळ दिसले, तर आत पाणी जात आहे. अशा वेळी सेल्फ मारूच नका, मिस्त्रीला बोलवा. रेडिएटरचे झाकणही गार असतानाच उघडा. वर तेलाचा तवंग दिसला तरी गॅस्केट किंवा हेडची शंका घ्यावी.

मग सुरू करून धुराकडे बघा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन गेला तर ठीक. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल खात आहे. भार पडल्यावर जास्त काळा धूर निघत असेल तर हवा कमी पडते आहे किंवा नोझल-पंपाचे काम आहे. काळ्या धुरात मिस्त्रीकडे धावण्याआधी एअर क्लीनर उघडून बघा, कितीतरी वेळा रोग तिथेच सापडतो.

दुसरी पायरी: हवा

मला विचाराल तर सगळ्या देखभालीत ही पहिली. उन्हाळी नांगरटीची धूळ आत गेली की पिस्टन-लायनर घासून संपतात, आणि तो खर्च शंभर फिल्टरांच्या वर जातो.

जुन्या ट्रॅक्टरांना तेलाची वाटी असलेला एअर क्लीनर असतो. वाटी काढा, खालचा गाळ डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंतच नवे इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिन ओढून घेते. धुळीत रोटर किंवा मळणी चालू असेल तर वाटी रोज संध्याकाळी बघायची. नव्या ट्रॅक्टरांना कागदी फिल्टर असतात, एकात एक दोन. बाहेरचा आतून बाहेरच्या दिशेने हलक्या हवेने झटकावा. आतला साफ करायच्या भानगडीत पडू नका, तो बदलायचाच असतो. एअर क्लीनरपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइप हाताने पिळून बघा, क्लिप आवळा. पाइपाला केसाएवढी चीर असली तर फिल्टर नवा असूनही धूळ आत जातेच.

तिसरी पायरी: तेल आणि डिझेल

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर एकदमच बदला. तेल गरम असताना सोडले की गाळ सोबत येतो. सोडलेल्या तेलात बोटाने चाचपून बघा. धातूची चमकणारी पूड हाताला लागली तर मिस्त्रीला दाखवा. त्यानंतर बहुतेक ट्रॅक्टरांना २५० तासांवर बदल लागतो. नेमका आकडा आणि ग्रेड कंपनीच्या पुस्तकात असतो. पुस्तक हरवले असेल तर डीलरकडून तुमच्या मॉडेलचे मागून घ्या.

गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल हा वेगळा विषय आहे आणि इथे चुकीचे तेल हमखास पडते. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यात ब्रेकसाठी चालणारे खास तेलच लागते. “९० नंबर टाका, सगळ्याला चालतं” असे दुकानदार म्हणाला तरी पुस्तक बघितल्याशिवाय टाकू नका. या तेलाची चाळणीही काढून धुवा. लिफ्ट जड का उचलते याचे उत्तर बऱ्याचदा त्या चाळणीत असते. लिफ्टची परीक्षा सोपी: नांगर लावून वर उचला, इंजिन बंद करा आणि बघत बसा. नांगर लगेच खाली येऊ लागला तर आत गळती आहे. त्या वेळी नांगराखाली कुणी जाऊ नये.

डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला आणि टाकीच्या तळाचे पाणी काढा. फिल्टर बदलला की लाइनमध्ये एअर धरते. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. इंजिन चालू असताना नोझलची नळी सैल करून बोट लावू नका. तिथला दाब कातडीतून आत शिरतो.

चौथी पायरी: ऊस ओढलेला ट्रॅक्टर असेल तर

आपल्या भागात ही शक्यता जास्त. मागच्या हुकाचे भोक लांबट झालेले, मागच्या टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत, क्लच पॅडल बोटभरही मोकळे नाही, अशी त्याची लक्षणे. दोन ट्रॉल्या ओढून क्लचप्लेट, ब्रेक आणि पुढचा ॲक्सल यांची झीज झालेली असते. क्लच पॅडलला साधारण इंचभर मोकळीक ठेवावी. नेमके माप पुस्तकात मिळेल. वरचा गिअर टाकून रेस दिली आणि ट्रॅक्टर ढकलण्याऐवजी नुसता आवाजच वाढला, तर प्लेट गेली म्हणून समजा.

दोन्ही ब्रेक पॅडल सारखेच खाली जातात का ते बघा. एक खोल आणि एक वर असेल तर रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो. रस्त्यावर दोन्ही पॅडल कडीने जोडलेलेच असावेत. कडी नसेल तर ती पहिल्या दिवशी बसवा, नारळ मग.

आणखी एक. उसाच्या ट्रॅक्टरला टेप, चार स्पीकर, रंगीत दिवे असतात. गाणी रात्रभर, वायरिंग जोडलेले कसेही. हे सगळे बॅटरीपासून काढून टाका, फ्यूज आहे का बघा, हेडलाइट आणि मागचे दिवे नीट करा. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या लावा. हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून माणसे जातात.

पाचवी पायरी: ग्रीस, पाणी, टायर

ग्रीस गन स्वतःची घ्या, मागून आणलेली वेळेवर मिळत नाही. प्रत्येक निपल (ग्रीस भरायचे तोंड) पुसून मगच ग्रीस भरा, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. पुढची चाके जॅकवर उचलून हलवून बघा. टकटक आवाज आला तर किंगपिनचे (चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) बुश किंवा बेअरिंग तपासायला हवे.

रेडिएटरच्या जाळीतले पाचट मागून पुढे हवा मारून काढा. फॅनबेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाचे नको. टायरमध्ये हवा कामाप्रमाणे कमी-जास्त लागते. कडेवरचा आकडा आणि पुस्तक बघून भरा. चाकांचे नट आवळा आणि दहा तास काम झाल्यावर पुन्हा एकदा आवळा.

चिखलणीला जाणारे

खानापूरकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर उतरणार असेल तर वेगळी काळजी घ्या. पिंजरा चाक लावून चिखलात दिवसभर फिरला की सीलमधून पाणी आत शिरते. चिखलणी चालू असताना रोज संध्याकाळी पुढच्या हबला ग्रीस भरा, आणि ती संपल्यावर गिअरचे तेल दुधाळ झाले का बघा. झाले असेल तर पुढच्या कामापर्यंत थांबू नका, तेव्हाच बदला आणि सील तपासा. आत साचलेले पाणी बेअरिंगला गंज चढवते. पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवरचे झाकण चिखल लागतो म्हणून काढून ठेवणारे भेटतात. धोतराचा सोगा किंवा शर्टाची बाही अडकायला क्षण लागत नाही.

कागद

सौदा सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून केला असेल, म्हणजे एमएच-०९ कोल्हापूर किंवा एमएच-१० सांगलीचा ट्रॅक्टर असेल, तर आधीच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याकडून घेऊनच उरलेले पैसे द्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्रही. दुसऱ्या राज्याचा नंबर बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवता येत नाही. तुमचे गाव ज्या आरटीओत येते तिथला, उदाहरणार्थ केए-२२ बेळगाव किंवा केए-२३ चिकोडीचा, नंबर घ्यावा लागतो. इंजिन आणि चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहणे हे खरे तर पैसे देण्याआधीचे काम. राहिले असेल तर ट्रॅक्टर धुतला त्याच दिवशी करा, तेव्हा कोरलेले आकडे वाचता येतात.