शिंगं पाहून नर पास का नापास, आणि आपल्या चितळाले हा नियम काहून लागत नाही

पोरं मोबाईलवर अमेरिकेतले शिकारीचे व्हिडिओ पाहतात अन् विचारतात, पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा एवढा मोठा नर समोर उभा हाये तरी तो माणूस बंदूक खाली काहून करते? भाऊ, त्याले शिंगाचा नियम आडवा येते. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारच बंद, तवा हे फक्त समजून घ्यासाठी.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २००२ पासून शिंगाचे टोकं (फांद्यांचे शेंडे) मोजतात. बहुतेक भागात एका शिंगाले ३ पाह्यजे, पश्चिमेकडं ४ ठेवले होते, अन् इंचापेक्षा लहान टोक मोजतच नाही. मतलब एवढाच का दीड वर्षाचे नर वाचले पाह्यजे, नाहीतर पहिलं शिंग फुटलं का त्याच सीझनात जाते जनावर.

टेक्सास राज्याच्या बऱ्याच काउंट्यांत (जिल्ह्यांत) टोकं नाही, दोन शिंगांमधलं आतलं अंतर पाहतात, १३ इंच. दुरून कसं मोजाचं? नर कान टवकारून सरळ तुमच्याकडं पाहते तवा कानाच्या टोकापासून टोकापर्यंत जवळपास तेवढंच भरते, शिंगं त्याच्या बाहेर गेले तं पास, मान वळवून असला तं थांबा. अन् ज्याच्या एका शिंगाले फांदीच नाही तोही चालते, हे लोकं विसरतात.

मले अंतरवाला नियम बरा वाटते. चांगलं खाल्लेल्या दीड वर्षाच्या नरालेही ६-८ टोकं येऊ शकतात, मंग टोकं मोजून दमदार पोरगे मरतात अन् किरकोळ उरतात. कळप कमी करायचा असन तं दोन्ही नियम बेकार, एक नर लय माद्यांले पुरते, तिथं माद्याच कमी करा लागतात.

चितळावर हा हिशोब बसत नाही. पहिलं शिंग बिनफांदीचं, मंग ३ टोकं, अन् पुढं म्हातारा झाला तरी बहुतेक ३ च. म्हणून पाणवठ्यावर मचाणावर बसले तं टोकं मोजत बसू नका, शिंगाची लांबी, बुडाची जाडी अन् मान पाहा, अन् मखमल (वाढत्या शिंगावरची मऊ कातडी) असन तं शिंगावरून वय सांगूच नका कारण चितळाचं शिंग झडाले ठरलेला महिना नाही, एकाच कळपात एक नर बोडका अन् दुसरा पुऱ्या शिंगाचा दिसते. (हेच चितळ १९३० च्या दशकात टेक्सासात नेलं, तिथं ते बाहेरचं जनावर म्हणून त्याले ना सीझन ना १३ इंच.) रोह्याचे (नीलगाईचे) शिंगं तं झडतच नाही, त्याले यात धरू नका.

झडलेलं शिंग जंगलात दिसलं तं तिथंच राहू द्या अन् वनरक्षकाले सांगा, कायद्यात तेही ट्रॉफीच (रानजनावराचा जपून ठेवलेला अवयव) धरतात, भिंतीले टांगाले घरी आणू नका.